दुष्काळी गावात कुंपणाला कण्हेर लावावी का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. म्हसवडच्या बाजूला आमचं गावचं घर आहे, आईबाबा तिथेच असतात, आम्ही दोघं नोकरीपायी पुण्यात. घराच्या पुढच्या अंगाला ऐंशी-नव्वद फूट तारेचं कुंपण आणि त्याला लागूनच गावचा रस्ता. बाबांनी आजवर तिथे जास्वंद, मोगरा, एकदा तर हौसेनं गुलाबसुद्धा लावले, पण मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसतो, मग टँकर, आणि टँकरचं पाणी फुलझाडाला घालायचं म्हणजे आईलाच कसंतरी होतं. त्यातून जे जगतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या शेळ्या संपवतात.

आता आई म्हणतेय कण्हेर लाव. पूजेला बारमाही फुलं, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही. काका म्हणतायत विषारी झाड रस्त्याच्या कडेला कशाला, उद्या कुणाचं जनावर गेलं तर गावात भांडण आपल्या गळ्यात. मला दोघांचंही पटतंय म्हणून इथे आलेय. कुणी लावली असेल तर प्लीज सांगा, खरंच पाण्याशिवाय येते का, किती अंतरावर लावायची, आणि काका म्हणतात तसा धोका असतो की नुसतीच भीती?

गोगलगाय
बिनधास्त लावा. हायवेच्या डिव्हायडरवर बघा, वरून ऊन, दोन्ही बाजूंनी ट्रकचा धूर, खाली भरावाचा मुरूम, तरी गुलाबी फुलं. तुमचं अंगण त्यापुढे महाबळेश्वर.

कुंडीकर
गोगलगाय, डिव्हायडरचं उदाहरण सगळे देतात पण तिथे सुरुवातीला टँकर फिरतो हे कुणी सांगत नाही. पहाटे प्रवास केलात तर दिसेल, मागे पाइप धरलेला माणूस आणि पुढे रेंगाळणारा टँकर. तिथे कण्हेर लावायचं कारण नुसतं पाणी नाही, समोरच्या गाडीचे हेडलाइट अडतात आणि गुरं खायला म्हणून रस्त्याच्या मधोमध येत नाहीत.

टिंग्या
कमी पाण्यात तग धरते, दिसायला बरी, आणि कुणी तोंड लावत नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. (हलकेच घ्या.)

बागेश्री
टिंग्या हसून हसून पुरेवाट!

पाऊलवाट, मी सिन्नरकडच्या मुरमाड जमिनीत कण्हेरीचं कुंपण उभं केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. "पाणी लागत नाही" हे जुन्या झाडाबद्दल खरं आहे, नव्या रोपाबद्दल नाही. कण्हेर टिकते ती मुळं खोल गेल्यावर, आणि मुळं खोल जायला पहिला उन्हाळा तुम्हाला सांभाळावाच लागतो. लोक काय करतात, जूनमध्ये लावतात, पावसात छान फुटते, दिवाळीपर्यंत फुलंसुद्धा येतात, मग "कण्हेर आहे, जगेल" म्हणून सोडून देतात आणि एप्रिलमध्ये काड्या उरतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला झाडटी एक बादली, पण ती एकदम आणि हळूहळू मुरेल अशी. रोज तांब्या तांब्या घालू नका, त्यानं मुळं वरच राहतात आणि झाडाला कायमची सवय लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी घातलं तरी चालतं, त्यापुढे ती तुमच्याकडे बघतही नाही. फक्त एक, अजिबात पाणी नसेल तर झाड मरणार नाही पण ऐन उन्हाळ्यात फुलं कमी येतील. आईंना रोज परडीभर हवी असतील तर देवाच्या अभिषेकाचं आणि भाज्या धुतलेलं पाणी दोन-तीन झाडांना आलटून पालटून जाऊ दे.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खणून तापू द्यायचा, मग निघालेली माती, एखादं घमेलं कुजलेलं शेणखत, बस. युरियाबिरिया टाकू नका, नुसता पाला वाढतो. दाट भिंत हवी असेल तर चार-पाच फुटांवर लावा, सुटी सुटी झुडपं हवी असतील तर सात-आठ. साधी कण्हेर दहा-बारा फूट सहज जाते हे लक्षात ठेवून वरून वायर जात नाही ना ते बघा. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत लांबुळकी होते आणि फुलत नाही.

विषाबद्दल इतर जाणकार लिहितीलच.

पाऊलवाट
बागेश्रीताई, इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. रोपं नर्सरीतून आणायची की फांदी लावून येते? शेजारच्या गावात देवळामागे जुनी गुलाबी डबल आहे, वासाची.

बागेश्री
फांदीच लावा, पैसे कशाला घालवता. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, फार कोवळी नको आणि अगदी जून लाकडी पण नको. खालची पानं काढायची, दोन पेरं मातीत जातील अशी तिरकी खोचायची. पाऊस लागला की लावलेली बहुतेक फुटतातच. पाण्याच्या बाटलीत ठेवली तरी मुळं येतात, फक्त पाणी बदलत राहायचं. आणि वासाची डबल मिळतेय तर सोडू नका, हल्ली नर्सरीत बुटक्या जातीच जास्त दिसतात, रंग सुंदर पण कुंपणाच्या कामाच्या नाहीत.

काम झाल्यावर हात साबणानं धुवा, कात्रीपण.

काटेसावर
कण्हेरीचं नाव निघालं आणि बीएस्सीचं बॉटनीचं प्रॅक्टिकल आठवलं. इथे जे जे बॉटनीवाले असतील त्या सगळ्यांनी ब्लेडनं कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद घेतला असणार, झीरोफाइट म्हणजे कोरड्या जागेतल्या वनस्पतीचं नमुन्याचं पान म्हणून हेच द्यायचे. बटाट्याच्या फोडीत पान धरायचं, कापत सुटायचं, आणि त्यातला एक तरी छेद पारदर्शक निघेल अशी प्रार्थना करायची. पण जमला की काय दिसायचं! वरच्या बाजूला मेणाचा जाड थर, त्याखाली बाह्यत्वचेचे एकावर एक दोन-तीन पदर (साध्या पानाला एकच असतो), आणि पालथ्या बाजूला जागोजागी खोल खळगे, त्या खळग्यांत बारीक केसांचं जंगल आणि त्या केसांच्या आड लपलेली पर्णरंध्रं. म्हणजे पान श्वास घेतं ते उघड्यावर नाही, खळग्यात. बाहेर कितीही झळा असोत, आत केसांत अडकलेली दमट हवा राहते आणि पाणी उडून जायचं प्रमाण घटतं. बागेश्रींनी जे बादलीचं सांगितलं त्याच्या पाठीमागे हे आहे, पान पाणी राखतं, पण मुळात ते खालून मिळवायला मूळ खोल लागतं.

आणखी एक गंमत म्हणजे ही मुळात ओढ्या-नाल्याच्या काठची, कोरड्या नदीच्या वाळूतली बाई. भूमध्य समुद्रापासून इकडे आपल्यापर्यंत अशाच जागी रानात सापडते. पावसाळ्यात पाय पाण्यात आणि उन्हाळ्यात वर आग, दोन्ही सोसायची तिला सवय आहे.

अनुस्वार
हेच एक्झामिनरला सांगितलं असतं तर डिस्टिंक्शन हुकलं नसतं. वाचनखूण साठवली आहे.

माणदेशी_अप्पा
ताई मी आटपाडीचा, तुमच्या शेजारचाच. आमच्या मळ्याच्या बांधाला कण्हेर हाय, वडलांच्या हातची. मेंढरं, शेरडं रोज बाजूनं जात्यात, एक बी तोंड लावत न्हाई, कडूजार असतीय. उभ्या कण्हेरीची भ्या बाळगू नका. भ्या बाळगायची ती छाटलेल्या कण्हेरीची. आमच्या भावकीत एकानं कुंपण साफ केलं आन् फांद्या तशाच रस्त्याच्या कडंला टाकल्या. दोन दिसात पाला वाळला, हिरव्या गवतात मिसळला, आन् दुसऱ्याची गाभण शेळी त्यो खाऊन गेली. शेळी मेली, भांडण लई वाढलं. तुमच्या काकांनी असंच कायतरी बघितलं आसंल म्हणून म्हणत्यात. त्यांचं बी ऐका.

पशुवैद्य_परभणी
अप्पांनी नेमकं बोट ठेवलंय. आमच्याकडे कण्हेरीच्या ज्या केसेस येतात त्यात जनावरानं उभं झाड खाल्लं असं फार कमी वेळा असतं, बहुतेक वेळा छाटणीचा पाला चाऱ्यात मिसळलेला असतो, किंवा उन्हाळ्यात दुसरं काही हिरवं नसल्यानं उपाशी जनावर नाइलाजानं खातं. वाळल्यावर पानाची कडू चव कमी जाणवते पण विष तसंच राहतं, लोकांचा समज उलटा असतो की वाळलं म्हणजे संपलं. गाय, म्हैस, शेळी, घोडा सगळ्यांनाच लागू. पोटात कळा, हगवण, मग हृदयाचे ठोके बिघडतात आणि पुष्कळदा आम्ही पोचेपर्यंत वेळ गेलेली असते.

अजून एक, जनावरांच्या पाण्याच्या हौदावर फांद्या झुकू देऊ नका. पानं पडून पाण्यात कुजतात.

छाटलेला पाला त्याच दिवशी खोल खड्ड्यात पुरायचा. शेकोटीत किंवा चुलीत घालू नका, धूरसुद्धा त्रासदायक असतो.

वास्तुमित्र
विष वगैरे ठीक आहे पण कण्हेर दाराच्या समोर लावूच नये, घरात कलह होतात.

टिंग्या
अप्पांच्या भावकीत झाला की.

वास्तुमित्र
थट्टा करा, अनुभव आला की कळेल.

गोगलगाय
आमच्या दारात तुळस आहे, कलह रोज आहे. कुठे तक्रार करू?

शेवंती
धागा भरकटायच्या आत एक महत्त्वाचं. गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये कण्हेरीचं पान असतं, बाजारातल्या पत्रीच्या जुडीत असतंच. पूजा झाल्यावर पुष्कळ घरी निर्माल्य "गाईला घाला, वाया नको" म्हणून देतात. मला आजवर सुचलंच नव्हतं की त्यात हे पान असतं! पशुवैद्य, यात धोका आहे का?

पशुवैद्य_परभणी
एका जुडीत एखाद-दुसरं पान असतं, पण एखाद्या गल्लीतलं सगळ्यांचं निर्माल्य एकाच गाईपुढे गेलं तर? पत्री गाईला देऊ नये, निर्माल्य कलशात टाकावी किंवा परसात पुरावी. दूर्वा वेगळ्या काढून द्या हवं तर.

मल्याळी_जावई
शेवंतीताईंच्या मुद्द्याला जोडून. आमच्या सासरवाडीला, म्हणजे केरळात, कण्हेरीला अरळी म्हणतात आणि देवळात तिचा भरपूर वापर असायचा. मे २०२४ मध्ये एका तरुणीचा मृत्यू अरळीचं पान किंवा फूल चघळल्यामुळे झाला असावा असा संशय आला, मोठी बातमी झाली, आणि त्यानंतर तिथली देवळं सांभाळणाऱ्या त्रावणकोर देवस्वम बोर्डानं नैवेद्यात आणि प्रसादात अरळी वापरायची नाही असं ठरवलं, मलबारच्या बोर्डानंही तसंच. पूजेत, देवाला वाहायला बंदी नाही, भक्ताच्या हातात आणि तोंडात जाईल अशा ठिकाणी नको, इतकाच अर्थ. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटला. आपल्याकडेही फूल देवाला वाहा की, फक्त ते पंचामृताच्या वाटीत किंवा प्रसादाच्या ताटात जाऊ नये. सासूबाई आता प्रसादाला तुळस आणि चेत्ती (आपली इक्झोरा) वापरतात.

डॉ_निवांत
पेशानं डॉक्टर आहे म्हणून थोडं लिहितो, घाबरवायचा हेतू नाही. कण्हेरीच्या सगळ्याच भागांत, मूळ, खोड, पान, फूल, बी, ओलिअँड्रिनच्या जातीची द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशीत सोडियम-पोटॅशियमचा जो पंप चालतो तो ती अडवतात. हृदयाच्या आजारात देतात त्या डिगॉक्सिनचं काम याच पद्धतीनं चालतं, म्हणून परिणामही ओव्हरडोससारखे दिसतात, उलट्या, गरगरणं, ठोके मंदावणं किंवा अनियमित होणं. झाडाला हात लागला, फूल तोडलं, वास घेतला म्हणून काही होत नाही. चीक लागून कुणाकुणाची कातडी चुरचुरते, डोळ्यात गेला तर आग होते.

लहान मूल पान चघळताना दिसलं तर मीठपाणी पाजून उलटी काढणं, ताक, लिंबू, तूप असले घरगुती उद्योग करू नका, तोंड स्वच्छ करा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या, सोबत झाडाची फांदी घेऊन जा म्हणजे ओळखायला सोपं जातं. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नका, ठोक्यांवरचा परिणाम उशिरानं दिसू शकतो. यावरचा खास उतारा आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे वेळेवर पोचणं जास्त महत्त्वाचं.

पारंपरिक
आयुर्वेदात हीच कण्हेर औषध आहे, करवीराद्य तेल कातडीच्या विकारांवर शतकानुशतकं वापरतात. आमचे आजोबा मूळ उगाळून लावायचे. ॲलोपथीवाल्यांना प्रत्येक झाडात विषच दिसतं.

डॉ_निवांत
आयुर्वेदानंसुद्धा कण्हेरीला उपविषांतच घातलंय, आणि शोधन (विष कमी करायची प्रक्रिया) केल्याशिवाय वापरू नका म्हणून बजावलंय. मी वेगळं काय म्हणालो? तेल वरून लावायचं असतं, तेही वैद्याला विचारून. वाचणारा एखादा मूळ उगाळून पोटात घेईल एवढीच काळजी.

पारंपरिक
प्रतिक्रिया काढून टाकली आहे.

टिंग्या
काय होतं? काय होतं? मी पॉपकॉर्न आणायला गेलो होतो.

रानभूल
अहो पण आम्ही लहानपणी कण्हेरीच्या बिट्ट्यांनी दिवसदिवस खेळायचो, गजग्यांसारख्या, कुणालाही काही झालं नाही. आता सगळं अतीच चाललंय.

काटेसावर
रानभूल, तुम्ही खेळलात ती पिवळी कण्हेर, बिट्टी. ते वेगळं झाड, अमेरिकेतून, मेक्सिकोच्या बाजूनं आलेलं. पान अरुंद, फूल पिवळं घंटेसारखं, फळ हिरवं तिकोनी गुबगुबीत आणि आत ती कठीण बी. पान तोडलं की पांढरा दुधासारखा चीक गळतो. पाऊलवाटच्या आई म्हणतायत त्या कण्हेरीला पानं तीन-तीनच्या फेऱ्यात येतात आणि फळ लांब शेंगेसारखं, फुटलं की बियांना कापसासारखे झुबके. दोन्ही एकाच कुळातली आणि विषारी दोन्ही, बिट्टीची बी तर जास्तच. कठीण कवचामुळे तुम्ही वाचलात, खेळताना फोडून खाल्ली नाहीत म्हणून. लहान मुलं असलेल्या घरात मी बिट्टी अजिबात सुचवणार नाही.

सॅक्रामेंटोकर
इकडे कॅलिफोर्नियात हायवे ९९ च्या मधोमध मैलोन् मैल कण्हेर आहे. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, तरी पांढरी-गुलाबी भिंत उभी. पहिल्यांदा बघितली तेव्हा सोलापूर रोडच वाटला, फक्त खड्डे नव्हते. पण अभेद्य वगैरे नाही हं, १९९० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात झाडं कडेनं करपायला लागली, पानं टोकाकडून भाजल्यासारखी, मग अख्खी फांदी वाळायची. पाणी कमी पडलं असंच लोकांना वाटायचं, म्हणून अजून पाणी. निघाला एक जिवाणू, झायलेला, जो झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवतो आणि रस शोषणारा एक तुडतुडा तो पसरवतो. उपाय नाही, काढून टाकायचं. सांगायचं काय, दुष्काळाला टिकणारं झाड रोगालाही टिकेल असं नसतं. एकाच झाडाची लांबलचक रांग लावण्यापेक्षा मधे मधे दुसरं काहीतरी असलेलं बरं.

पंखुडी
कीड म्हणाल तर आपल्याकडे कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा हमखास येतो, पाय काळे, रांगाच्या रांगा. लगेच फवारणी करायला धावू नका, पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मा खाली, उरलेला ढालकिडे (लेडीबर्ड हो) खातात. शेणखत-युरिया जास्त झालं की लुसलुशीत फुटवे येतात आणि मावा वाढतो.

आणि पानं कुरतडलेली दिसली तर मारण्याआधी नीट बघा. एक पाहुणा म्हणजे बोटाएवढी जाड हिरवी अळी, शेपटीला छोटं शिंग, आणि डोक्याजवळ दोन निळे-पांढरे डोळे काढल्यासारखे ठिपके. हात लावला की मान आत ओढते आणि ते "डोळे" वटारल्यासारखे दिसतात, मी पहिल्यांदा बघून खरंच दचकले होते. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी संगमरवरी नक्षीचा. दुसरी कॉमन क्रो फुलपाखराची अळी, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या जोड्या. ती कोष करते तो बघाच एकदा, पानाखाली लटकलेला आणि अक्षरशः चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत. माझ्या भाचीला त्यात स्वतःचं तोंड दिसलं होतं. कण्हेरीचं विष या अळ्यांना बाधत नाही. चार पानं गेली तर जाऊ द्या की, कण्हेर परत फुटते.

अनुस्वार
अवांतर: हिरोशिमा शहराचं अधिकृत फूल कण्हेर आहे. ६ ऑगस्ट १९४५ नंतर तिथे आता वर्षानुवर्षं काही उगवणार नाही असं म्हणत होते, आणि फुललेल्या सुरुवातीच्या झाडांत कण्हेर होती असं तिथले लोक सांगतात. नातेवाइकांकडे गेलो होतो तेव्हा ऑगस्टमध्ये रस्त्यांच्या कडेला फुललेली बघितली.

गोगलगाय
मग म्हसवडला का नाही येणार! ताई लावाच.

कुंडीकर
पण मूळ प्रश्न अजून लटकलेलाच आहे, रस्त्याला लागून लावावी का. माझं मत सांगतो. कण्हेरीबद्दल हरकत नाही, जागेबद्दल आहे. कुंपण रस्त्याला चिकटून आहे, फांद्या तारेबाहेर येणारच, छाटायला माणूस तुम्ही लावणार, तो बाहेरच्या बाजूचा पाला बाहेरच टाकणार. तुम्ही पुण्यात. अप्पांनी सांगितलं तेच होणार. रस्त्याच्या अंगाला घायपात किंवा कोरांटी लावा. पिवळी काटेकोरांटी कण्हेरीइतकीच चिवट, काट्यामुळे शेळी फिरकत नाही, आणि पाऊस संपता संपता फुलं येतात ती देवाला चालतात. कण्हेर आत, घराच्या भिंतीकडे, चार-पाच झाडं पूजेपुरती. ऐंशी फूट कण्हेर करून एवढी फुलं कुणाला वाहणार, तेहतीस कोटींना?

बागेश्री
कुंडीकरांशी सहमत. शिवाय आत असली की छाटणी सोपी. छाटणीबद्दल लिहायचं राहिलंच, फूल नव्या फुटव्याच्या टोकाला येतं, त्यामुळे भीतभीत टोकं कातरत बसू नका. थंडी संपताना एकदा, एक तृतीयांश उंची सरळ उडवा. पानं तीन-तीनच्या फेऱ्यात असतात म्हणून एका कापाखालून साधारण तीन फुटवे निघतात आणि झाड आपोआप डेरेदार होतं. चौथ्या-पाचव्या वर्षी दोन-तीन जून खोडं अगदी जमिनीलगत कापायची. हातमोजे घालून, आणि मुलं-जनावरं आसपास नसताना.

माणदेशी_अप्पा
कोरांटी झकास. कोवळी असताना कडंनं वाळल्या बाभळीच्या काट्या लावा, जम बसंस्तवर. आन् पयल्या उन्हाळ्यात झाडाबुडी एक मातीचं मडकं पुरा, बुडाला बारीक भोक पाडून वात घालायची, आठवड्याला भरलं की झिरपत राहतं. आमच्यात आंब्याची कलमं आशीच जगवल्यात. वरनं गवताचं आच्छादन घाला.

पाऊलवाट
सगळ्यांचे खूप आभार. काल हा अख्खा धागा आईबाबांना फोनवर वाचून दाखवला, काकाही तिथेच होते. अप्पांचा शेळीचा किस्सा ऐकून काका म्हणाले "मी काय सांगत होतो", आणि खड्ड्यात पुरायचं ऐकून आई म्हणाली "मी काय सांगत होते". रस्त्याच्या बाजूला काटेकोरांटी, आत पूर्वेच्या भिंतीशी पाच कण्हेरी, त्यातल्या तीन देवळामागच्या गुलाबी आणि दोन पांढऱ्या महादेवासाठी. गोठा पश्चिमेला आहे त्यामुळे हौदाचा प्रश्न नाही. पत्री आता गाईला जाणार नाही हे आईनं स्वतःच जाहीर केलं, भजनी मंडळातही सांगणार आहे म्हणे. मडकी बाबा कुंभाराकडून आणतायत, खड्डे खणायला शनिवारी आम्ही जातोय.

अप्पा, वात कशाची घालायची? सुती चिंधी चालेल का?

माणदेशी_अप्पा
चालंल. जुन्या धोतराची घ्या, नायलॉन नको. कवा आटपाडीला आलात तर बांधावरची पांढरी कण्हेर बी घिऊन जा, फांद्या काढून ठिवतो.

वास्तुमित्र
पूर्वेला लावताय हे उत्तम.

टिंग्या
अखेर सगळ्यांचं एकमत. नोंद घ्यावी.

नवीन_सदस्य_निलू
धागा जुना आहे पण विचारते. ठाण्यात नवव्या मजल्यावर बाल्कनीत बुटकी पीच रंगाची कण्हेर आहे, कळ्या भरपूर येतात आणि न उमलताच गळतात. दुष्काळी झाड म्हणून आठवड्यातून एकदाच पाणी देते.

बागेश्री
निलू, कुंडीत मुळांना खोल जायला जागाच नसते, त्यामुळे इथे वर लिहिलेलं जमिनीचं गणित लागू नाही. उन्हाळ्यात वरची दोन बोटं माती कोरडी झाली की पाणी द्या, नवव्या मजल्यावरच्या वाऱ्यात ते रोजसुद्धा असू शकतं. खाली ताटली असेल तर पाणी साचू देऊ नका. ऊन किती तास येतं? पाच-सहा तासांच्या खाली असेल तर कुंडी रेलिंगकडे सरकवा. आणि घरात मांजर असेल तर आधी ते सांगा.

नवीन_सदस्य_निलू
ऊन सकाळचं तीन तासच. मांजर आहे. :(

डॉ_निवांत
मग कळ्या गळतायत ही तक्रार विसरा आणि कुंडी खाली सोसायटीच्या बागेत द्या. बाल्कनीत जास्वंद ठेवा.